चष्मा तिचा, परीक्षा आमची

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात छकुलीच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. शाळेत डोळ्यांची तपासणी झाली होती. चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. उजवा डोळा : ठीक. डावा डोळा : डॉक्टरांना दाखवा.

आम्ही ती चिठ्ठी फ्रिजवर लावली आणि चार दिवस तिच्याकडे पाहिलंही नाही. खरं सांगायचं तर आमचा विश्वासच बसला नव्हता. ही मुलगी फरशीवरची मुंगी लांबून ओळखते, पोह्यांतली मोहरी वेचून ताटाच्या कडेला लावते. हिला कसलं कमी दिसतं? वय पावणेपाच, सीनियर केजीत. तपासणीच्या वेळी कंटाळली असेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

पाचव्या रात्री मी सहज गंमत म्हणून तिचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय काय दिसतं ते विचारलं. तिने भराभर सांगितलं. मग उजवा डोळा झाकला. तिने माझा हात ढकलला. पुन्हा झाकला, पुन्हा ढकलला. तिसऱ्या वेळी चिडून म्हणाली, "बाबा, तो नको ना झाकू! मग मला नीट दिसत नाही."

बायकोने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या मुलीला एका डोळ्याने नीट दिसत नाही, हे आम्हाला पावणेपाच वर्षांनी कळलं होतं.

त्यानंतरच्या चार महिन्यांत आमच्या घरात जे झालं, ते आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावंसं वाटलं. आपल्यातली पुष्कळशी घरं आमच्यासारखीच आहेत. आई-बाबा दोघेही नोकरी करणारे, घरात एखादी आजी किंवा आजोबा, आणि बडोद्यासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे ओळखीपाळखीचं भलंमोठं गोत. यातली प्रत्येक गोष्ट मुलाच्या चष्म्याच्या आड येऊ शकते आणि प्रत्येक गोष्ट मदतीलाही येऊ शकते.

डोळा चांगला, पण मेंदूने सोडून दिलेला

डॉक्टरांनी आधी तीन दिवस घरी डोळ्यांत घालायला एट्रोपिनचं मलम दिलं. लहान मुलांच्या डोळ्यांचे स्नायू फार दमदार असतात. नंबर असला तरी जोर लावून ती स्पष्ट बघू शकतात आणि तपासणीत नंबर लपून राहतो. मलमाने ते स्नायू काही दिवस सैल पडतात आणि खरा नंबर सापडतो. त्यामुळे बाहुल्या मोठ्या होतात, उन्हाचा त्रास होतो, जवळचं अंधुक दिसतं. हा परिणाम आठ-दहा दिवस टिकू शकतो. हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. शाळेला मात्र कळवून ठेवावं, कारण त्या दिवसांत मूल लिहिण्या-वाचण्यात मागे पडतं.

तपासणीत निघालं ते असं : उजव्या डोळ्याला प्लस दीड, डाव्याला प्लस पाच. दोन डोळ्यांच्या नंबरांत एवढं अंतर असलं की मेंदू एक सोपा मार्ग काढतो. ज्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र येतं त्याचंच तो ऐकतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की त्या डोळ्याची आणि मेंदूची जोडणी कच्चीच राहते. यालाच बोलीभाषेत 'आळशी डोळा' म्हणतात. मला हा शब्द फारसा आवडत नाही. डोळा बिचारा काम करतच असतो, त्याचं कुणी ऐकत नसतं.

हे कसं होतं ते दोन शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर दाखवून दिलं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात बंद ठेवला. पुढे तो उघडला तेव्हा डोळा धडधाकट होता, पण मेंदूतल्या पेशी त्याच्याकडून येणाऱ्या संदेशांना जवळजवळ प्रतिसादच देत नव्हत्या. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं होत नसे. म्हणजे बघायला शिकण्याचं एक वय असतं. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

माणसाच्या मुलांत हे वय साधारण सात-आठ वर्षांपर्यंतचं धरतात. त्यानंतर सुधारणा होतच नाही असं नाही, पण ती अवघड होत जाते. आमच्याकडे अजून दोन-तीन वर्षं होती. डॉक्टर म्हणाल्या, "हाच चष्म्याचा खरा उपयोग आहे. नुसतं स्पष्ट दिसण्यासाठी नाही, डाव्या डोळ्याला शिकवण्यासाठी. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचा."

उठल्यापासून झोपेपर्यंत! पहिल्या दिवशी छकुलीने तो घातला अकरा मिनिटं. घड्याळ लावून मोजली होती.

लपंडाव

पुढच्या आठवड्यात तो चष्मा आम्हाला कुठे कुठे सापडला याची यादीच आहे. तांदळाच्या डब्यात. आजोबांच्या जुन्या बुटात. वॉशिंग मशीनमध्ये, नशिबाने मशीन सुरू व्हायच्या आधी. एकदा देवघरात गणपतीच्या मागे. त्या दिवशी ती म्हणाली, "बाप्पाला दिला. त्याला हवाय."

आम्ही काय केलं? जे बहुतेक आई-बाप करतात तेच. आधी लाडीगोडी, मग चॉकलेट, मग आवाज चढवणं, मग "डोळा आंधळा होईल हं तुझा!" अशी भीती. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि त्याची मला आजही लाज वाटते. त्या रात्री ती झोपेत दचकून उठली होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादा प्रोग्रॅम चालत नाही असं ग्राहकाने सांगितलं की आम्ही ग्राहकाला रागावत नाही. कधी चालत नाही, काय केल्यावर बंद पडतो, हे नोंदवून घेतो. मग वाटलं, ऑफिसात परक्या माणसाचं एवढं ऐकतो, तर घरी स्वतःच्या मुलीचं का नाही? एका जुन्या वहीत मी तीन दिवस फक्त नोंदी केल्या. चष्मा किती वाजता काढला, तेव्हा ती काय करत होती, काढण्याआधी हात कुठे गेला. त्या तीन दिवसांत रागावायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

तीन दिवसांनी वही वाचली तेव्हा लक्षात आलं की तिच्या 'नको'मध्ये एक नाही, तीन वेगवेगळी कारणं लपली होती. आणि तिन्ही ठिकाणी ती बरोबर होती.

पहिलं कारण : वाढत्या मापाचा चष्मा

वहीत पुन्हा पुन्हा एकच नोंद होती : मान खाली घालून चित्र रंगवताना काढला. चष्मा नाकावरून घसरत होता, ती तो वर ढकलत होती, आणि दहाव्यांदा ढकलल्यावर कंटाळून काढून ठेवत होती. टीव्ही बघताना तर ती सरळ फ्रेमच्या वरून बघत होती.

चूक आमचीच होती. आपल्याकडे गणवेश वाढत्या मापाचा शिवतात, बूट एक नंबर मोठे घेतात. दुकानात मीच म्हणालो होतो, "थोडी मोठी फ्रेम द्या, पुढच्या वर्षीही चालेल." दुकानदारानेही दिली. चष्म्याला हा हिशेब चालत नाही. भिंगाचा मध्य बाहुलीच्या समोर यावा लागतो. चष्मा घसरला की मूल भिंगाच्या भलत्याच भागातून बघतं, किंवा भिंगातून बघतच नाही. मग तो चेहऱ्यावर असून नसल्यासारखा.

आम्ही नवी फ्रेम घेतली. या वेळी घाई केली नाही. काय बघायचं ते आता पाठ झालं आहे :

मुलाचा डोळा फ्रेमच्या खोबणीत मधोमध यावा. लहान मुलांच्या नाकाला वरचा उंचवटा जवळजवळ नसतोच, म्हणून नाकावर टेकणारा भाग त्यांच्यासाठीच घडवलेला असावा किंवा मऊ सिलिकॉनच्या गाद्या असाव्यात. काड्या कानामागे वळलेल्या किंवा मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेल्या घ्याव्यात. मुलाला खाली वाकायला, मान हलवायला, उडी मारायला सांगावं. दुकानातच हे सगळं करून बघावं, तिथे लाजू नये. भिंगं पॉलिकार्बोनेटची घ्यावीत. ती हलकी असतात आणि सहसा फुटत नाहीत. आणि चष्मा तयार झाल्यावर दोन्ही भिंगांचे नंबर मशीनवर तपासून चिठ्ठीशी ताडून दाखवा, असं सांगावं. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल तर डावं-उजवं बरोबर आहे ना, हे पाहणं फार महत्त्वाचं.

घरी आल्यावर दर दोन-तीन दिवसांनी कानामागे आणि नाकाच्या बाजूला पाहावं. लाल वळ दिसला तर दुकानात जाऊन काडी नीट करून घ्यावी. हे काम पाच मिनिटांचं असतं. मुलाला 'टोचतंय' हे नेहमी सांगता येत नाही. ते फक्त काढून फेकतं.

दुसरं कारण : तिला फायदाच दिसत नव्हता

नवी फ्रेम बसली, तरी वहीत एक प्रश्न उरला होता. खिडकीतून बाहेर बघताना ती चष्मा का काढते?

डॉक्टरांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. मायनस नंबरच्या मुलाला चष्मा लावला की झाडाची पानं, फळ्यावरची अक्षरं एकदम लख्ख होतात आणि ते खूश होतं. छकुलीचं तसं नव्हतं. उजव्या डोळ्याने तिला आधीही सगळं दिसतच होतं. उलट प्लस नंबरच्या मुलांचे डोळे वर्षानुवर्षं जोर लावून बघायला सरावलेले असतात. चष्मा आला तरी ते लगेच सैल पडत नाहीत, म्हणून सुरुवातीला चष्म्यातून लांबचं थोडं अंधुकच दिसू शकतं. फरशी वर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते. हळूहळू, काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत, डोळे सैल पडतात आणि बसतं. दोन-तीन आठवड्यांनीही मूल तितकंच वैतागत असेल तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जावं, आपल्या मनाने चष्मा बंद करू नये.

म्हणजे आम्ही "बघ, किती छान दिसतंय!" म्हणत होतो आणि तिला खरोखरच छान दिसत नव्हतं. तिच्या दृष्टीने आम्ही खोटं बोलत होतो. त्या दिवसापासून ते वाक्य बंद केलं. तिला खरं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत : "तुझे दोन डोळे भाऊ-बहीण आहेत. उजवा सगळी कामं एकटाच करतो, डावीला कुणी शिकवलंच नाही. चष्मा म्हणजे डावीची शाळा. शाळेत पहिल्यांदा रडायला येतं ना? तसंच."

हे तिला पटलं. पटलं म्हणजे लगेच दिवसभर घातला असं नव्हे, पण चष्मा गणपतीमागे जायचा थांबला.

मग वेळ वाढवत नेला. पहिल्यांदा फक्त तिच्या आवडीच्या कामाला चष्मा : रात्रीची गोष्ट आणि संध्याकाळचं अर्धा तास कार्टून. चष्मा नाकावर असला की गोष्ट सुरू, काढला की पुस्तक मिटायचं. रागावणं नाही, समजावणं नाही. पुन्हा घातला की त्याच पानावरून पुढे. आमिष दाखवणं वेगळं आणि हे वेगळं. चॉकलेट संपलं की चष्मा उतरतो. गोष्ट ऐकायला चष्मा लागतोच असं झालं की तो गोष्टीचा भाग होतो. आठवड्याभरात त्यात रंगकाम आलं, मग जेवण, मग शाळा.

दुसरं म्हणजे सकाळी दात घासले की लगेच चष्मा, कपडे घालायच्याही आधी. दुपारी 'आता घालू या का?' असं विचारलं की उत्तर 'नको' येणारच. विचारायचंच नाही. काढून ठेवायची जागा एकच, देवघराशेजारच्या फळीवरची डबी. भिंगं खाली टेकवून ठेवायची नाहीत, फ्रॉकला किंवा ओढणीला पुसायची नाहीत. नळाखाली धुवायची आणि चष्म्याबरोबर आलेल्या मऊ कापडाने टिपायची. हे धुण्याचं काम छकुलीने स्वतःकडे घेतलं. पाण्यात खेळायला मिळतं, हा त्यातला मोठा आनंद. पण ज्या वस्तूची आपण निगा राखतो ती आपली होते, हेही खरं.

तिसरं कारण : आपली तोंडं

फ्रेम नीट झाली, डोळे सरावू लागले. तरी वहीत एक नोंद सलत होती : पाहुणे आले की काढते.

नवरात्रीच्या तोंडावरचे ते दिवस. सोसायटीत रोज कुणी ना कुणी भेटायचं. मराठी काकू म्हणायच्या, "अगं बाई, एवढीशी पोर आणि चष्मा!" गुजराती शेजारी म्हणायचे, "आटली नानी छोकरी ने चश्मा?" मग सल्ले. गाजर द्या. डोळ्यांना साजूक तूप लावा. मोबाईल दाखवता ना, त्याचाच हा परिणाम. मुलगी आहे हो, लवकर ऑपरेशन करून टाका. एका लांबच्या नातेवाईकांनी तर माझ्या बायकोला विचारलं की गरोदरपणात ती कॉम्प्युटरसमोर फार बसायची का. त्या रात्री ती स्वयंपाकघरात एकटीच बसून रडली.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो. गाजरातून मिळणारं अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागतंच, पण त्याने चष्म्याचा नंबर जात नाही. फार जवळून आणि फार वेळ बघण्याचा, घराबाहेर कमी खेळण्याचा संबंध मायनस नंबर वाढण्याशी आहे. त्यासाठी मोबाईल कमी करावाच. पण छकुलीसारखा मोठा प्लस नंबर बहुतेक वेळा डोळ्याच्या जन्मजात ठेवणीतूनच येतो. आईने काही केलं म्हणून तो येत नाही. आणि डोळ्यांत तूप, मध किंवा कुठलाही घरगुती रस घालू नये.

हे आम्ही लोकांना सांगू लागलो. पण छकुली ऐकत होती ते आमचं विज्ञान नव्हे. तिने ऐकला तो प्रत्येकाचा 'अरेरे'चा सूर. आपल्या नाकावर काहीतरी वाईट बसलं आहे, हे तिला आम्ही मोठ्यांनीच शिकवलं होतं.

आणि त्यातला सगळ्यात मोठा शिक्षक मी निघालो.

मला चष्मा लागला सातवीत. त्याआधीचं निम्मं वर्ष मी फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होतो, पण घरी सांगितलं नाही. चष्मा आल्यावर वर्गात 'बॅटरी' हे नाव पडलं ते दहावीपर्यंत राहिलं. तेव्हापासून फोटो काढायची वेळ आली की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. लग्नाच्या अल्बममध्ये माझा चष्म्यातला एकही फोटो नाही. स्टेजवर समोरून येणारी माणसं मला नीट दिसत नव्हती, सगळ्यांना अंदाजाने नमस्कार केला.

अष्टमीच्या दिवशी आम्ही घरी फोटो काढत होतो. छकुलीने चष्मा काढला. मी म्हणालो, "अगं, घाल ना!" ती म्हणाली, "तू पण काढलास ना, बाबा."

माझ्या हातात माझा चष्मा होता. मला काही बोलताच आलं नाही. तो घातला आणि पुन्हा फोटो काढला. तिनेही घातला. अडतीस वर्षांच्या आयुष्यात मी चष्मा लावून हौसेने काढलेला तो पहिला फोटो.

चष्मेवाले मोजण्याचा खेळ

त्यानंतर आम्ही एक खेळ सुरू केला, चष्मेवाले मोजण्याचा. बाजारात गेलं की कोण जास्त चष्मेवाले शोधतो. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, शाळेतल्या बाई, टीव्हीतला नोबिता. एके दिवशी दुकानात मी शंभराची नोट काढली तर ती ओरडली, "गांधीबाप्पू पण!" मग घरातल्या सगळ्या नोटा तपासल्या. प्रत्येकीवर चष्मा! बाबासाहेब आंबेडकरांच्या फोटोतही तिला चष्मा सापडला. हे काही काळ आपल्या बडोद्यात नोकरीला होते, असं मी सांगितल्यावर "मग ते आपल्याकडचेच" असा तिने निर्णय दिला.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र माझ्या आईचा झाला. आईला दुपारी पेपर वाचायला चष्मा लागतो. तिने नातीला सांगितलं, "माझा चष्मा कुठे ठेवते ते मी विसरते. तू रोज आणून देशील का? आणि मला एकटीला चष्मा घालून बसायला कंटाळा येतो, तू पण बस." दुपारी शाळेतून आल्यावर दोघी चष्मे लावून दिवाणावर बसतात. आजी पेपर वाचते, नात त्यातल्या चित्रांना मिशा काढते. डॉक्टरांनी जवळचं बारीक काम भरपूर करून घ्या म्हटलं होतं. मिशा काढणं हे त्यातच धरलं.

वर्गशिक्षिकांना जाऊन भेटलो. मूल शाळेत चष्मा काढून दप्तरात ठेवतं का, हे घरी कळत नाही. बाईंनी वर्गात भाषण वगैरे दिलं नाही. एक दिवस छकुलीला बोलावून म्हणाल्या, "माझ्या चष्म्यावर डाग पडलाय. तू तुझा कसा धुतेस ते मला दाखव." सगळ्या वर्गासमोर तिने दाखवलं. त्यानंतर एका मुलाने घरी जाऊन मलाही चष्मा हवा म्हणून हट्ट धरला, असं त्याच्या आईकडून कळलं.

पट्टीचे दोन तास

उत्तरायणाच्या आधी फेरतपासणी झाली. पहिल्या खेपेला डावा डोळा तक्त्यावरच्या वरच्या दोन-तीन मोठ्या ओळींच्या खाली जात नव्हता. आता आणखी दोन ओळी वाचत होता, केवळ चष्म्याने. डॉक्टर म्हणाल्या की हे अपेक्षितच होतं. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने २००६ साली अशाच, दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे तीन चतुर्थांश मुलांची नजर नुसत्या चष्म्याने दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली, आणि पावभागाहून थोड्या जास्त मुलांचा आळशी डोळा पूर्ण बरा झाला. म्हणूनच आधी काही आठवडे नुसता चष्मा नीट वापरून बघतात आणि मग गरज असेल तर पट्टी देतात.

आम्हाला गरज होती. चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर रोज दोन तास चिकटपट्टी. पूर्वी दिवसभर पट्टी लावत असत. याच गटाने २००३ साली दाखवलं की मध्यम प्रतीच्या आळशी डोळ्याला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुण देते. किती तास हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं. जास्त लावली तर चांगल्या डोळ्यावर परिणाम होऊ शकतो. पट्टी चष्म्याच्या काचेवर नको, त्वचेवर हवी. काचेवर लावली तर मुलं बाजूने डोकावतात. आमच्या पट्ट्यांवर रोज नवं चित्र असतं. फुलपाखरू, मासा, एकदा आजीची सुपारी.

चौदा जानेवारीला सगळं बडोदं गच्चीवर होतं. छकुलीचे पट्टीचे दोन तास सकाळचेच. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, म्हणून कठड्यापासून लांब, मधोमध चटई टाकून तिला आजीजवळ बसवलं. एका हातात चिक्की, डोक्यावर टोपी, उजव्या डोळ्यावर पट्टी. उरलेला डोळा तोच, जो झाकू नको म्हणून तिला माझा हात ढकलायची गरज नव्हती, कारण तो झाकला तरी तिला फरकच पडत नव्हता.

मी फिरकी धरून उभा होतो. एकाएकी मागून आवाज आला, "काय पो छे!" शेजारच्या गच्चीवरून कुणी ओरडलं असेल असं वाटलं. वळून बघितलं तर छकुली चटईवर उभी. "बाबा, तो लाल! लाल गेला बघ! हिरव्याने कापला!"

आईने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. "ऊन लागतंय डोळ्यांना," ती म्हणाली.

अजून पुष्कळ बाकी आहे

ही गोष्ट इथे संपलेली नाही. पट्टी अजून काही महिने चालेल. डावा डोळा अजून उजव्याच्या मागेच आहे. चष्मा कदाचित कायमचाच राहील. दोन फ्रेमचे तुकडे झाले आहेत, आणि तापात किंवा फार कंटाळा आला की 'नको' अजूनही ऐकू येतं. पण आता आम्ही आधी कानामागे बघतो, मग काच स्वच्छ आहे का बघतो, मग आज कुणी काही बोललं का ते विचारतो. बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळतं.

वाचकांना दोनच विनंत्या आहेत. पहिली, मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं की, काही तक्रार नसली तरी, त्याचे डोळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, प्रत्येक डोळा वेगवेगळा. घरात कुणाला मोठा नंबर, तिरळेपणा किंवा आळशी डोळा असेल, मूल वेळेआधी जन्मलं असेल, ते मान वाकडी करून किंवा उन्हात एक डोळा मिटून बघत असेल, एक डोळा झाकल्यावर चिडत असेल, तर त्याआधीच. फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नका.

दुसरी विनंती आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना येणाऱ्या सगळ्यांना. चष्मा लावलेलं लहान मूल दिसलं तर 'अरेरे' म्हणू नका. 'किती गोड दिसतोय चष्मा' असंही रोज म्हणायची गरज नाही. त्याला त्याचं नाव विचारा, शाळा विचारा, तिळगूळ द्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी एक फोटो निघाला. त्यात आजी, बाबा आणि छकुली असे तिघे चष्मेवाले शेजारी शेजारी उभे आहेत. छकुलीची आई तेवढी चष्म्याविना. फोटो बघून छकुली तिला म्हणाली, "आई, वाईट नको वाटून घेऊस. तुला पण लागेल कधीतरी."